कलंकित करंडकाचे वारसदार

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी १३ जानेवारी २०२० रोजी नऊ पानांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. २०१७ मध्ये 'वर्ल्ड सिरीज', म्हणजे बेसबॉलमधील सर्वोच्च विजेतेपद जिंकणाऱ्या ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या संघाने त्या हंगामात कॅमेऱ्याच्या साह्याने प्रतिस्पर्ध्यांचे संकेत चोरले होते, यावर या अहवालाने शिक्कामोर्तब केले. संघाचे सरव्यवस्थापक जेफ लुनाउ आणि मैदानावरील व्यवस्थापक ए. जे. हिंच यांना एक वर्षासाठी निलंबित करण्यात आले. संघाचे मालक जिम क्रेन यांनी त्याच दिवशी दोघांनाही नोकरीवरून दूर केले. संघाला ५० लाख डॉलरचा दंड झाला आणि नवोदित खेळाडू निवडण्याच्या २०२० व २०२१ मधील पहिल्या दोन फेऱ्यांचे हक्क काढून घेण्यात आले.

शिक्षेच्या या यादीत एका घटकाचे नाव नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. तो घटक म्हणजे ह्यूस्टनचा सामान्य चाहता. त्याने कोणतीही खूण चोरली नव्हती, कोणाला फसवले नव्हते. उलट तोही फसवला गेला होता. तरीही ज्या शिक्षेला मुदत नसते, अशी एक शिक्षा त्याच्याच वाट्याला आली. आपल्या आयुष्यातील एका मोठ्या आनंदाकडे यापुढे कोणत्या नजरेने पाहायचे, हा प्रश्न त्याला कोणत्याही अहवालाने सोडवून दिला नाही. गैरव्यवहाराने डागाळलेल्या संघावर प्रेम करणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी ह्यूस्टनच्या या प्रकरणाइतके बोलके उदाहरण अलीकडच्या काळात दुसरे नाही.

पन्नास वर्षांची प्रतीक्षा

ह्यूस्टन हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते प्रामुख्याने 'नासा'च्या तेथील अंतराळ केंद्रामुळे. या शहराचा बेसबॉल संघ १९६२ मध्ये 'कोल्ट पॉइंट फोर्टी-फाइव्हज' या नावाने सुरू झाला. १९६५ मध्ये 'अ‍ॅस्ट्रोडोम' हे छताखालचे भव्य क्रीडागार उभे राहिले आणि संघाचे नाव अंतराळयुगाला साजेसे 'अ‍ॅस्ट्रोज' असे झाले. नाव आकाशाला भिडणारे असले तरी विजेतेपद मात्र दूरच राहिले. २००५ मध्ये संघ प्रथमच वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला आणि शिकागो व्हाइट सॉक्सकडून सलग चार सामने हरून परतला.

त्यानंतरचा काळ अधिकच कसोटीचा होता. वर्षाला १६२ साखळी सामने असणाऱ्या या खेळात ह्यूस्टनने २०११ मध्ये १०६, २०१२ मध्ये १०७ आणि २०१३ मध्ये १११ सामने गमावले. यातील बरेच अपयश ठरवून पत्करलेले होते. लुनाउ यांनी २०११ च्या अखेरीस सूत्रे हाती घेतली आणि महागडे खेळाडू विकून, तळाच्या संघाला मिळणाऱ्या निवडहक्कांतून तरुण खेळाडू गोळा करण्याचे धोरण राबवले. व्यवस्थापन सल्लागार म्हणून काम केलेल्या या गृहस्थांचा विश्वास आकडेवारीवर होता. चाहत्यांना मात्र केवळ धीर धरण्यास सांगितले जात होते. २०१३ मधील एका सामन्याच्या वेळी ह्यूस्टन शहरातील दूरचित्रवाणी दर्शकसंख्येचे मोजमाप चक्क शून्य भरले, इतकी उदासीनता पसरली होती. २०१४ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या साप्ताहिकाने मुखपृष्ठावर या संघाला '२०१७ चे विजेते' म्हणून घोषित केले, तेव्हा अनेकांनी ती थट्टाच समजली.

२०१७ च्या ऑगस्टअखेरीस 'हार्वे' हे चक्रीवादळ टेक्सासवर आदळले. राज्याच्या काही भागांत चार-पाच दिवसांत सुमारे दीड हजार मिलिमीटर पाऊस कोसळला. २६ जुलै २००५ रोजी मुंबईने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस अनुभवला होता, हे आठवले की ह्यूस्टनच्या अवस्थेची कल्पना येऊ शकते. टेक्सासमध्ये साठहून अधिक लोक मरण पावले, हजारो घरांत पाणी शिरले, संघाला आपले घरचे सामने फ्लोरिडात जाऊन खेळावे लागले. परतल्यावर खेळाडूंनी गणवेशावर 'ह्यूस्टन स्ट्राँग' असे शब्द असलेली पट्टी लावली. १ नोव्हेंबर २०१७ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सला सातव्या सामन्यात हरवून अ‍ॅस्ट्रोजने आपले पहिले विजेतेपद मिळवले. दोन दिवसांनी निघालेल्या विजययात्रेला लाखो लोक लोटले. भिंतींची ओल अजून न वाळलेल्या शहराला त्या विजयाने काय दिले, हे आकड्यांत सांगता येणार नाही. पुढे जे उघड झाले त्याची बोच एवढी खोल का गेली, याचे कारणही येथेच आहे.

डब्यावरचे ठोके

गैरप्रकार काय होता, हे समजण्यासाठी बेसबॉलची एक बाब लक्षात घ्यावी लागते. चेंडू फेकणारा 'पिचर' आणि फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून तो झेलणारा 'कॅचर' हे दोघे पुढचा चेंडू कोणता टाकायचा, हे आधी ठरवतात. बोलून ठरवले तर फलंदाजाला ऐकू जाईल. म्हणून कॅचर दोन मांड्यांच्या आडोशाला बोटांनी खूण करतो, अशी शतकाहून जुनी रीत. ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला सेकंदाचे साधारण चार दशांश लागतात. तेवढ्या अवधीत तो चेंडू वेगवान आहे की संथ आणि वळणारा, हे ओळखून बॅट फिरवायची असते. ते आधीच कळले, तर फलंदाजाचे निम्मे काम झाले. क्रिकेटमध्ये लेगस्पिनरने चेंडू सोडण्यापूर्वीच 'आता गुगली येत आहे' असे कोणी कानात सांगावे, तसा हा प्रकार.

दुसऱ्या 'बेस'वर पोहोचलेल्या धावपटूने उघड्या डोळ्यांनी खूण हेरून सहकाऱ्याला इशारा करणे, हे बेसबॉलमध्ये चातुर्य मानले जाते. त्याला बंदी नाही. बंदी आहे ती सामना सुरू असताना त्यासाठी यंत्रांचा वापर करण्याला. अ‍ॅस्ट्रोजने हीच रेषा ओलांडली. मैदानाच्या मध्यभागापलीकडे असलेल्या कॅमेऱ्यातून कॅचरची बोटे स्पष्ट दिसत. ते चित्र खेळाडूंच्या बैठकीमागच्या बोळात लावलेल्या पडद्यावर थेट येई. तेथे थांबलेला खेळाडू खूण उलगडे आणि शेजारच्या कचऱ्याच्या डब्यावर बॅटने ठोके मारी. ठोका ऐकू आला तर संथ किंवा वळणारा चेंडू, शांतता असली तर वेगवान, असा हा सरळ हिशेब होता. हिंच यांना हे पसंत नव्हते. त्यांनी दोनदा तो पडदा फोडला, पण खेळाडूंना थांबा म्हणून सांगितले नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले.

ही गोष्ट दोन वर्षे बाहेर आली नाही. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी 'द अ‍ॅथलेटिक' या क्रीडाविषयक प्रकाशनाने, २०१७ मध्ये ह्यूस्टनकडून खेळलेला पिचर माइक फायर्स याच्या उघड साक्षीसह ती छापली. त्यानंतर जुन्या सामन्यांची चित्रणे लोक पुन्हा कान देऊन पाहू लागले. प्रेक्षकांच्या गलक्यातही डब्याचे ठोके स्पष्ट ऐकू येत होते. जे सामने चाहत्यांनी आनंदाने जपून ठेवले होते, तेच आता पुरावा बनले.

मोजणारा चाहता

या प्रकरणातील सर्वांत उल्लेखनीय काम ना चौकशी समितीने केले, ना प्रतिस्पर्धी संघाने. ते केले ह्यूस्टनच्याच एका निष्ठावंत चाहत्याने. व्यवसायाने संगणकतज्ज्ञ असलेल्या या गृहस्थाने २०१७ मधील, चित्रण उपलब्ध असलेले ५८ घरचे सामने निवडले. त्यातील ८,२०० हून अधिक चेंडूंचा आवाज त्याने एकेक करून तपासला, प्रत्येक ठोक्याची नोंद केली आणि जानेवारी २०२० अखेर ती सर्वांसाठी खुली केली. त्याच्या मोजणीत १,१४३ ठोके भरले.

या नोंदीतून काही गोष्टी स्पष्ट झाल्या. सर्वच खेळाडूंनी या इशाऱ्यांचा सारखा फायदा घेतला नव्हता. मार्विन गोन्झालेझच्या वेळी १४७ ठोके पडले, तर त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेल्या होझे अल्टुव्हेच्या वेळी केवळ २४. सर्वाधिक, म्हणजे ५४ ठोके ४ ऑगस्ट २०१७ च्या टोरांटोविरुद्धच्या सामन्यात होते.

आपल्याच दैवताच्या मूर्तीचे तडे मोजण्यासारखे हे काम होते. ते करणाऱ्याला संघाचा द्वेष नव्हता. तसा द्वेष असता तर पन्नासाहून अधिक सामने पुन्हा ऐकण्याचा कंटाळवाणा खटाटोप त्याने केलाच नसता. काय घडले हे ऐकीव गोष्टींवर न सोडता स्वतः पडताळून पाहावे, एवढीच त्यामागची ओढ दिसते. निष्ठा म्हणजे डोळे झाकणे नव्हे, हे त्याने एकाही भाषणाविना दाखवून दिले. विशेष म्हणजे त्याच्या आकड्यांनी आरोप सिद्ध केला आणि त्याच वेळी काही खेळाडूंवरील सरसकट आरोप सौम्यही केला. सत्य शोधू गेलेल्याच्या हाती अशी दोन्ही बाजूंची नाणी पडतात.

राग कोणावर?

चौकशीत ६८ जणांच्या साक्षी झाल्या. त्यांपैकी २३ जण अ‍ॅस्ट्रोजचे आजी-माजी खेळाडू होते. खरे बोलण्याच्या बदल्यात खेळाडूंना शिक्षेपासून अभय देण्यात आले होते. शिवाय सप्टेंबर २०१७ मध्ये आयुक्तांनी सर्व संघांना पाठवलेल्या ताकिदीत, असे प्रकार घडल्यास सरव्यवस्थापक आणि व्यवस्थापक जबाबदार धरले जातील, असे म्हटले होते. परिणामी, अहवालाने ज्या योजनेचे वर्णन मुख्यत्वे खेळाडूंनी चालवलेली योजना असे केले, त्या योजनेबद्दल एकाही खेळाडूला निलंबन झाले नाही. मार्च २०१८ मध्ये केपटाऊन कसोटीत चेंडू कुरतडल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथ व डेव्हिड वॉर्नर यांना त्यांच्या मंडळाने बारा महिने खेळापासून दूर ठेवले होते. त्या तुलनेत ही सवलत अनेकांना खुपली. अहवालात नाव घेतला गेलेला एकमेव खेळाडू कार्लोस बेल्ट्रान तोवर निवृत्त होऊन न्यूयॉर्क मेट्सचा व्यवस्थापक झाला होता. एकाही सामन्यापूर्वी त्याला ते पद सोडावे लागले.

विजेतेपदही काढून घेतले गेले नाही. लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेने ते डॉजर्सना द्यावे, असा ठराव एकमताने केला, पण लीगने तो मानला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये मॅनफ्रेड यांनी करंडकाचा उल्लेख 'धातूचा तुकडा' असा केला आणि त्याबद्दल त्यांना माफी मागावी लागली. ह्यूस्टनच्या मालकांनी माफीसाठी बोलावलेल्या पत्रकार परिषदेतच, या प्रकाराचा सामन्यांवर परिणाम झाला नाही असे आपले मत असल्याचे सांगितले आणि लगेच ते शब्द नाकारले. शिक्षा अपुरी आणि पश्चात्ताप अर्धवट, असे चित्र उभे राहिले, की उरलेला राग रस्ता शोधतो. तो चाहत्यांपर्यंत येऊन पोहोचला.

२०२० चा हंगाम करोनामुळे प्रेक्षकांविना झाला. २०२१ मध्ये मैदाने उघडली तेव्हा अ‍ॅस्ट्रोज जेथे जातील तेथे हुर्यो उडवली जाऊ लागली. अ‍ॅनाहाइम येथे तर प्रेक्षकांनी हवा भरलेला कचऱ्याचा डबाच मैदानात फेकला. परगावच्या मैदानात अ‍ॅस्ट्रोजची टोपी घालून बसणे म्हणजे 'तुम्हीही चोर' हा शब्द ऐकण्याची तयारी ठेवणे झाले. खेळाडूला निदान बॅट हातात घेऊन उत्तर देता येते. चाहत्याच्या हातात काय असते?

तीन ढाली

त्याच्या हातात असतात त्या युक्तिवादाच्या ढाली. ह्यूस्टनच्या चाहत्यांनी त्या पुरेपूर वापरल्या, आणि त्या तपासून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली ढाल 'सगळेच करत होते' ही. ती अगदीच पोकळ नाही. बोस्टन रेड सॉक्सला २०१७ मध्येच मनगटी यंत्राद्वारे संकेत पोहोचवल्याबद्दल दंड झाला होता. २०१८ मधील गैरप्रकाराबद्दल एप्रिल २०२० मध्ये त्या संघावर पुन्हा कारवाई झाली. न्यूयॉर्क यँकीजनेही २०१५ व २०१६ मध्ये चित्रण कक्षाचा असा वापर केल्याचे एका गोपनीय पत्रात नमूद होते. ते पत्र एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु चोरी आणि दरोडा यांत फरक करणाऱ्या कोणालाही, प्रत्येक चेंडूला तत्काळ ठोका देणारी ह्यूस्टनची यंत्रणा याहून पुढची होती, हे मान्य करावे लागते. शेजाऱ्याचे घर अस्वच्छ असल्याने आपले स्वच्छ होत नाही.

दुसरी ढाल आकड्यांची. डबा होता तो फक्त घरच्या मैदानावर. त्या वर्षी साखळीत अ‍ॅस्ट्रोजने घरी ४८ सामने जिंकले, तर बाहेर ५३. मग फायदा कसला, असा हा सवाल. पण तेच आकडे बाद फेरीत उलटे बोलतात. तेथे संघाने घरच्या नऊपैकी आठ सामने जिंकले आणि बाहेरच्या नऊपैकी केवळ तीन. अर्थात, त्या तिनांत लॉस एंजेलिसमधील निर्णायक सामनाही होता. घरच्या विजयाला प्रेक्षकांचा पाठिंबा, ओळखीचे मैदान अशी इतर कारणेही असतात. म्हणजे आकड्यांनी ना पूर्ण निर्दोषत्व सिद्ध होते, ना विजय केवळ ठोक्यांनी मिळाला हे सिद्ध होते. फसवणुकीचे सर्वांत मोठे नुकसान नेमके हेच. ती नसती तर काय झाले असते, हे कळण्याची वाटच ती कायमची बंद करते. आणि ही शंका निर्माण करणाऱ्या संघाला तिचा फायदा मागण्याचा अधिकार उरत नाही.

तिसरी ढाल 'यात कोणाचे काय बिघडले' ही. तिला उत्तर आहे माइक बोल्सिंगर या टोरांटोच्या पिचरचे. ४ ऑगस्ट २०१७ च्या त्याच सामन्यात तो मैदानात उतरला आणि २९ चेंडूंत चार धावा देऊन बाहेर पडला. चाहत्याने केलेल्या नोंदीनुसार त्या २९ पैकी १२ चेंडूंवर ठोके पडले होते. बोल्सिंगर मेजर लीगमध्ये त्यानंतर पुन्हा कधीच खेळला नाही. २०२० मध्ये त्याने न्यायालयात दावा लावला आणि २०१७ च्या बाद फेरीतून मिळालेले सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर मुलांसाठीच्या कार्याला द्यावेत, अशी मागणी केली. त्याची कारकीर्द केवळ त्या रात्रीमुळे संपली, असे छातीठोक म्हणता येणार नाही. पण ती संपताना समोरचा फलंदाज डब्याचा आवाज ऐकत होता, हे विसरताही येणार नाही.

चाहत्यांनीही न्यायालयाचे दार ठोठावून पाहिले. ह्यूस्टनच्या काही हंगामी तिकीटधारकांनी फसवणुकीचा दावा केला, तर आभासी संघ बनवून पैजा लावणाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात लीगविरुद्ध दाद मागितली. हा दुसरा दावा एप्रिल २०२० मध्ये फेटाळला गेला आणि २०२२ मध्ये अपिलातही टिकला नाही. यँकीजचे ते गोपनीय पत्र उघड झाले ते मात्र याच खटल्यामुळे. प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे मोजले आणि सामना पाहिला, की कायद्यापुरता व्यवहार संपतो. त्याने त्यात गुंतवलेल्या मनाची पावती कोणी देत नाही.

इतिहासाचे दाखले

बेसबॉलच्या इतिहासात अशी वेळ प्रथमच आलेली नाही. १९१९ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी पैसे घेऊन वर्ल्ड सिरीज हरल्याचा आरोप झाला. १९२१ मध्ये न्यायालयातून सुटूनही आठ जणांना आयुक्तांनी तहहयात बाद केले. त्या संघाच्या चाहत्यांना पुढच्या विजेतेपदासाठी २००५ पर्यंत थांबावे लागले आणि योगायोग असा, की तेव्हा समोर हरलेला संघ ह्यूस्टनचा होता. १९५१ चे उदाहरण अधिक जवळचे. त्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्सचा संघ ऑगस्टमध्ये साडेतेरा सामन्यांनी मागे होता. तो बरोबरीत आला आणि बॉबी थॉमसनच्या शेवटच्या फटक्याने त्याने ब्रुकलिन डॉजर्सना हरवले. अमेरिकी क्रीडाविश्वातील सर्वांत गाजलेल्या क्षणांपैकी हा एक. त्या हंगामात जायंट्सनी मैदानाच्या टोकाला दुर्बीण लावून आणि विजेच्या घंटेने संकेत पोहोचवून खुणा चोरल्या होत्या, हे २००१ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने साक्षीपुराव्यांसह मांडले. थॉमसनने त्या फटक्याच्या वेळी खूण मिळाल्याचे नाकारले. हरलेले डॉजर्स पुढे लॉस एंजेलिसला गेले आणि २०१७ मध्ये त्याच प्रकारच्या चोरीपुढे पुन्हा हरले.

जायंट्सच्या चाहत्यांना सत्य पन्नास वर्षांनी कळले. तोवर बहुतेकांच्या आठवणी पक्क्या झाल्या होत्या. ह्यूस्टनच्या चाहत्याला ही उसंत मिळाली नाही. अवघ्या दोन वर्षांत त्याचा आनंद आणि त्याची लाज समोरासमोर उभी राहिली.

आपल्याकडेही याची एक आवृत्ती पाहायला मिळाली. जुलै २०१५ मध्ये न्या. लोढा समितीने सट्टेबाजी प्रकरणी चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स यांना दोन वर्षांसाठी निलंबित केले. त्या रिकाम्या जागेत पुण्याला स्वतःचा संघ मिळाला आणि दोन हंगामांनी तो लुप्तही झाला. २०१८ मध्ये चेन्नई परतली तेव्हा कावेरी पाणीवाटपाच्या आंदोलनामुळे तिचे घरचे सामने पुण्याजवळ गहुंजे येथे हलवावे लागले, आणि चाहते विशेष रेल्वेगाडीने चेन्नईहून पुण्याला आले. फरक एवढाच, की तेथे दोष सिद्ध झाला तो संघाशी संबंधित अधिकाऱ्याच्या सट्टेबाजीचा होता, मैदानावरील खेळाडूंनी मिळवलेल्या धावांचा नव्हता. पिवळा सदरा पुन्हा अंगावर चढवणे त्या चाहत्यांना म्हणून तुलनेने सोपे गेले. ह्यूस्टनमध्ये प्रश्न थेट धावांचाच होता.

धुतले गेले का?

त्यानंतरही अ‍ॅस्ट्रोज जिंकत राहिले, हे या कथेतील अवघड वळण. २०२० मध्ये सत्तर वर्षांचे डस्टी बेकर व्यवस्थापक म्हणून आले. सर्वत्र आदर असलेल्या या गृहस्थांना त्या पदावर असताना तोवर विजेतेपद मिळाले नव्हते. ५ नोव्हेंबर २०२२ रोजी अ‍ॅस्ट्रोजने फिलाडेल्फिया फिलीजला हरवून दुसरे विजेतेपद मिळवले. २०१७ च्या चमूतील अवघे पाच खेळाडू तेव्हा संघात होते. शिवाय त्याच वर्षी लीगने कॅचरला बोटांऐवजी मनगटावरील कळ दाबून पिचरच्या कानात संकेत पोहोचवता येईल, असे उपकरण वापरात आणले. बोटांच्या खुणाच उरल्या नाहीत तर त्या चोरणार कोण?

या विजयाने २०१७ चा डाग पुसला, असे अनेक चाहत्यांना वाटले. ते समजण्यासारखे असले तरी खरे नाही. २०२२ च्या विजयाने एवढेच सिद्ध केले, की हा संघ चोरीशिवायही जिंकू शकतो. उलट त्यामुळे पहिला प्रश्न अधिक टोचरा झाला. एवढी गुणवत्ता असताना डबा कशाला हवा होता? बेल्ट्रानच्या बाबतीतही हेच दिसले. २०२३ मध्ये बेसबॉलच्या सन्मानदालनासाठी पहिल्यांदा मतदान झाले तेव्हा त्याची वीस हंगामांची कारकीर्द तोलामोलाची असूनही त्याला ४६.५ टक्के मते मिळाली. गरज ७५ टक्क्यांची होती.

मग चाहत्याने करायचे काय? संघ सोडून देणे हा एक मार्ग झाला. पण संघावरचे प्रेम दुकान बदलावे तसे बदलता येत नाही. ते बहुधा वडिलांकडून, शहराकडून, एखाद्या पावसाळ्यातील संकटाकडून मिळालेले असते. सारे नाकारणे हा दुसरा मार्ग, आणि तो बोल्सिंगरसारख्यांवर अन्याय करणारा. उरतो तो वारसदाराचा मार्ग. वडिलोपार्जित घर स्वीकारणाऱ्याला त्यावरचे कर्ज आपले नाही असे म्हणता येत नाही. कर्ज त्याने काढलेले नसते, तरी घर हवे असेल तर तेही हिशेबात धरावे लागते. २०१७ चा आनंद हवा असेल, तर त्याबरोबरचे १,१४३ ठोकेही स्वीकारावे लागतात.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. परगावच्या प्रेक्षकाने हुर्यो उडवली तर त्याच्याशी हुज्जत न घालणे, कारण त्याच्या रागाला आधार आहे. 'सगळेच करत होते' हे वाक्य घशातच थांबवणे. त्याच वेळी, पुरात घर गेलेल्या माणसाने त्या नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर येऊन गाळलेले अश्रू खोटे होते, असे कोणी म्हटले तर ते मात्र मान्य न करणे. अश्रू खरे होते. खोट होती ती ज्यासाठी ते गाळले गेले त्या विजयात, आणि ती खोट इतरांनी केलेली होती.

ह्यूस्टनमध्ये आज बेसबॉल पाहू लागलेल्या मुलाला २०१७ चे काहीच आठवत नाही. कॅचरच्या बोटांच्या खुणाही त्याला ऐकूनच ठाऊक असतील. संघाने आतापर्यंत किती विजेतेपदे मिळवली, असे तो घरातल्या मोठ्यांना कधी तरी विचारेलच. नोंदपुस्तकातले उत्तर 'दोन' असे आहे. तेवढे सांगून थांबायचे, की पहिल्या विजेतेपदाची गोष्ट डब्यासकट सांगायची, हे ठरवण्याचे काम लीगने, न्यायालयाने किंवा संघाच्या मालकाने केलेले नाही. ते त्या मुलाच्या घरातच व्हायचे आहे.